इंझोरी सापडत नाही

माहितीपत्रके लिहिणे हा माझा धंदा आहे. नव्या मिक्सरच्या खोक्यातून एक बारीक अक्षरांची पुस्तिका निघते आणि न उघडता थेट रद्दीत जाते, ती तुम्हाला ठाऊक असेलच. तसल्या पुस्तिका मी सॉफ्टवेअरसाठी लिहितो. फरक एवढाच, की मिक्सर बिघडल्यावर लोक निदान पुस्तिका शोधतात. सॉफ्टवेअर बिघडले की ते मला शोधतात.

यंदा पोळ्याला गावी, इंझोरीला गेलो, तो असेच एक काम पिशवीत घालून. आमच्या कंपनीने एक अवजार तयार केले होते. दुकानाच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये ते परस्पर नोंदी करते. या व्यवहाराला एपीआय म्हणतात. नाव भारदस्त असले तरी वस्तू साधी आहे. एपीआय म्हणजे मागची खिडकी. पुढच्या दाराने माणूस येऊन फॉर्म भरतो. मागच्या खिडकीशी दुसरे सॉफ्टवेअर येते, टोकन दाखवते आणि भरलेला कागद आत सरकवते. आत नोंद होते, तिची पावती बाहेर येते. आमचे अवजार ज्या खिडकीशी जाई, ती ईआरपीनेक्स्टची. ही मुंबईत जन्मलेली, कुणालाही उघडून पाहता येणारी हिशेबाची प्रणाली.

मी लिहिले होते, ‘विनंती पाठवा. ग्राहकाची नोंद तयार होईल.’ दोन वाक्ये, दोन्ही सुटसुटीत. माझ्या साहेबांना सुटसुटीतपणा फार प्रिय.

ओसरीवर बसून म्हटले, नमुना चालवून पाहावा. ग्राहक म्हणून काकांचेच नाव घातले. काकांनी तीस वर्षे गावात बी-खताचे दुकान चालवले आहे; पण गिऱ्हाईक होण्याचा योग त्यांना कधी आला नव्हता. विभागाच्या रकान्यात लिहिले ‘इंझोरी’ आणि बटण दाबले. उत्तर आले, इंझोरी सापडत नाही.

यादीत ‘भारत’ होता, ‘उर्वरित जग’ होते. इंझोरी दोन्हींत नव्हती. मी काकांना समजावले, की हा रकाना दुसऱ्या यादीला बांधलेला असतो. आधी त्या यादीत गाव घालायचे, मग गावात माणूस.

“वाशीममंदी पाह्यलं असन त्यानं,” काका म्हणाले. “अकोल्यात पाहाय म्हना.”

वाशीम जिल्हा अकोल्यातून वेगळा झाला १९९८ साली. काकांनी ती गोष्ट अजून मनावर घेतलेली नाही.

मी यादीत इंझोरी वसवली. एवढ्या कमी खर्चात गाव वसवणारा मी पहिलाच असेन. पुन्हा बटण दाबले, आणि लाइन गेली. लाइनीमागोमाग मोबाइलची रेंजही गेली. एक काडी आली की मी बटण दाबी, काडी जाई. असे तीनदा झाले. संध्याकाळी लाइन आल्यावर पाहतो तो गावात तीन काका! काका, काका - १ आणि काका - २. कागद दर खेपेला आत पोचला होता. पावतीला तेवढा परत यायला रस्ता मिळाला नव्हता. आणि ही प्रणाली सभ्य असल्याने एकाच नावाचा दुसरा माणूस आला तर त्याला हाकलत नाही, नावापुढे आकडा लावून बसायला जागा देते.

“एकच सांभाळता सांभाळता माहा जीव गेला,” स्वयंपाकघरातून काकू म्हणाल्या.

मी हसलो. काका हसले नाहीत.

“माणसाचं जाऊ दे. उधारी असती तं? तीनदा चढली असती ना?”

“चढली असती.”

“अन् तुह्या पुस्तकात हे लिवलं हाय?”

मी माझी दोन सुटसुटीत वाक्ये पाहिली. त्यांत लाइन जात नव्हती, रेंज जात नव्हती. ती वाक्ये इंझोरीला कधी आलीच नव्हती.

काकांनी फळीवरून उधारीची जुनी वही काढली. एका खरिपात, पेरणीच्या गर्दीत, त्यांनी एकाच्या नावावर खताच्या दोन बॅगा लिहिल्या. मध्येच कुणी हाक मारली म्हणून उठले, परत आले आणि त्याच दोन बॅगा पुन्हा लिहिल्या. त्या माणसाला वाचता येत नव्हते. कापूस विकल्यावर त्याने चार बॅगांचे पैसे मोजून दिले. वही सांगते ते खरेच असणार! दिवाळीला हिशेब जुळवताना काकांच्या ध्यानात आले. पैसे परत करायला ते त्याच्या घरी गेले.

“तो काईच बोलला नाही. थेच लागलं,” काका म्हणाले. “तवापासून पयले पावतीचा नंबर वहीत पाहाचा. असला तं लिहाचं नाही. नसला तं लिहाचं.”

आता गंमत पाहा. इंटरनेटच्या व्यवहाराची जी जागतिक नियमावली आहे, तिची २०२२ ची आवृत्ती मी रात्री उघडली. तिचे म्हणणे सारांशाने असे, की नवी नोंद करणारी विनंती आपोआप पुन्हा पाठवू नये. पहिली पोचलीच नाही हे कळण्याची, किंवा दोनदा गेली तरी एकदाच लागू होईल याची, काही सोय असेल तरच पाठवावी. थोडक्यात, काकांचा नियम. फक्त तिथे तो इंग्रजीत आहे आणि त्यापायी कुणाला दिवाळीत कुणाच्या दारी जावे लागलेले नाही.

दुसऱ्या दिवशी मी आमच्या प्रोग्रॅमरला फोन केला. तो म्हणाला, “असं होत नाही.” मी त्याला तीन काका पाठवले. दुपारपर्यंत अवजार प्रत्येक कागदावर पावती-नंबर मागू लागले आणि तो आत आधीच असला तर दुसरी नोंद न करता जुनीच पावती परत देऊ लागले. मी पत्रकात एक प्रकरण वाढवले, ‘उत्तर आलेच नाही तर’. साहेब म्हणाले, हे वाचून गिऱ्हाईक घाबरेल. मी म्हटले, घाबरू दे. चार बॅगांचे पैसे देण्यापेक्षा बरे.

प्रकरण छापले गेले. नमुन्यातला विभाग मात्र मी बदलला नाही. त्यामुळे आता जगात कुठेही कुणी तो नमुना जसाच्या तसा चालवला, की त्याला पहिले उत्तर मिळते, इंझोरी सापडत नाही. मग बिचारा निमूटपणे आधी इंझोरी वसवतो आणि पुढच्या कामाला लागतो.