बाळाचा पहिला पेला

मूल वर्षाचे झाले की घरोघर एक प्रश्न उभा राहतो. बाटली सोडवायची कशी आणि तिच्या जागी द्यायचे काय? बाटली १२ ते १८ महिन्यांच्या दरम्यान सुटावी, असे बालरोगतज्ज्ञ सांगतात. आमची मुलगी १४ महिन्यांची आहे. आमच्यासमोर तीन गोष्टी होत्या : बाजारातला चोचीचा झाकणवाला कप, घरातला स्टीलचा छोटा पेला आणि दादींनी अकीक्याला दिलेला चांदीचा पेला.

सर्वांत नाजूक प्रश्न चांदीचा होता. दादींनी आपल्या साठवलेल्या पैशांतून तो हौसेने घडवून घेतला होता. पण चांदीच्या भांड्यातून पिण्यास प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सक्त मनाई केली आहे. ही हदीस हजरत उम्मे सलमा (रजि.) यांनी सांगितली असून ती बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. अजाण लेकरावर गुनाह नाही, पण त्याच्या हाती भांडे देणारे आपण मोठेच असतो. दादींचे मन न दुखवता हे सांगायचे कसे, या विचारात आमचे आठ दिवस गेले. अखेर जुम्याच्या दिवशी जेवणे झाल्यावर त्यांच्याजवळ बसून हदीस वाचून दाखवली. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "वाळे तर चालतील ना?" मुलींना चांदीचे दागिने जायज आहेत. पुढच्याच आठवड्यात त्या स्वतः सराफाकडे गेल्या आणि बिनघुंगरांचे वाळे करून आणले.

मग उरले दोन. चोचीच्या कपातून काही सांडत नाही, म्हणून तो आयांना सोयीचा वाटतो. पण ज्या कपात झडप असते, त्यातून मूल बाटलीसारखे चोखूनच पिते. घोट घ्यायला शिकत नाही. शिवाय तो हातात धरून ते दिवसभर घरात फिरते आणि थोडे थोडे पीत राहते. त्यात दूध किंवा सरबत असेल तर दात सतत गोडात भिजतात. दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपणाऱ्या मुलांचे वरचे पुढचे दात किडतात, त्याचे कारणही हेच. झडपेत अडकलेले दूध नीट धुतले गेले नाही तर आंबते, ते वेगळेच. प्रवासात नळीचा कप बरा. मात्र नळी ब्रशने आतून घासावी लागते.

आम्ही स्टीलचा पेला निवडला. तो घेताना काठ गुळगुळीत आणि दुमडलेला आहे का, बूड रुंद आहे का आणि तो बाळाच्या दोन्ही हातांत मावतो का, एवढे पाहावे. पितळेच्या किंवा तांब्याच्या पेल्यात दूध देऊ नये. सुरुवातीला दोन चमचे पाणीच घालावे. पेला आपण धरावा, काठ खालच्या ओठाला टेकवावा आणि बाळ स्वतः ओढून घेईपर्यंत थांबावे. पहिले काही दिवस कपडे भिजतात, ठसका लागतो. म्हणून बाळाला ताठ बसवूनच पाजावे.

उघड्या पेल्याने बाळाला बसायलाच लावले, हा त्याचा मोठा फायदा. बसून पिणे, बिस्मिल्लाह म्हणणे, उजव्या हाताने घेणे, तीन श्वासांत पिणे आणि श्वास भांड्याबाहेर सोडणे हे सारे आदाब उघड्या पेल्यातूनच अंगवळणी पडतात. उम्मे सलमा (रजि.) यांच्याच मुलाला, उमर बिन अबी सलमा (रजि.) यांना, प्रेषितांनी (स.) जेवताना प्रेमाने समजावले होते की बिस्मिल्लाह म्हण, उजव्या हाताने खा आणि आपल्या समोरचे खा. तेव्हा ते लहान होते आणि त्यांचा हात ताटभर फिरत होता. ही शिकवण पुढे आयुष्यभर त्यांच्या सवयीची झाली, असे त्यांनीच सांगितले आहे.

आमची मुलगी अजून अर्धे पाणी सांडते. दस्तरखानावर तिच्या जागी आम्ही एक जुना पंचा अंथरतो. पेला रिकामा झाला की ती तो दादींपुढे धरते आणि दादी तिच्यासाठी अल्हम्दुलिल्लाह म्हणतात.