जुन्या पुस्तकाची न वाचलेली पाने

बालपणी जिवापाड आवडलेले पुस्तक प्रौढ वयात पुन्हा हाती घ्यावे की नाही, याविषयी वाचकांत दोन पक्ष आहेत. एक म्हणतो, घेऊ नये; जुनी गोडी जाते आणि नवी लाभत नाही. दुसऱ्या पक्षाचा खंदा वकील म्हणजे इंग्रज निबंधकार विल्यम हॅझलिट. जुन्या पुस्तकांत आपले गत आयुष्यही पुन्हा भेटते, असे त्याने १८२१ साली या विषयावरील निबंधात प्रतिपादिले आहे. आम्ही याच पक्षाचे. परंतु आमचे कारण थोडे निराळे आहे.

साने गुरुजींची 'श्यामची आई' आम्ही पन्नाशी उलटल्यावर नुकतीच पुन्हा वाचली. बेचाळीस रात्रींची ही कथा गुरुजींनी १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात अवघ्या पाच दिवसांत लिहिली. ती १९३५ साली प्रसिद्ध झाली. लिहितेवेळी ते तेहेतीस वर्षांचे होते आणि त्यांची आई १९१७ सालीच निवर्तली होती. म्हणजे हे पुस्तकच मुळी एका प्रौढाने केलेले स्वतःच्या बालपणाचे पुनर्वाचन होय.

माधवनगरच्या घरी आमची आई हे पुस्तक रात्री मोठ्याने वाचीत असे. न्हाल्यावर तळव्यांस माती लागू नये म्हणून हट्ट धरणारा श्याम, पोहण्यास भिणारा श्याम, हे आमच्या अगदी ओळखीचे. मात्र सावकाराचा माणूस दारी येऊन श्यामच्या आईचा पाणउतारा करतो, तो भाग या खेपेस आम्हांस सर्वस्वी नवा वाटला. तेव्हा उलगडा झाला की आई तो वाचीतच नसे. चार पाने उलटून ती पुढच्या रात्रीवर जाई. पुढे आम्ही स्वतः वाचू लागलो, ते तिने ऐकविलेल्या आवडत्या रात्रीच तेवढ्या.

माधवनगर हे बाजारपेठेचे गाव. उधारीची वही येथे कोणास अपरिचित नाही. आमच्या दारीही तगादेदार येत. "ते घरी नाहीत," असे आई उंबऱ्यातून सांगे आणि वडील माजघरात निःशब्द उभे असत. आम्हां भावंडांस तो लपंडाव वाटे व आम्ही हसू दाबीत असू.

आज विचारावे, तर आई नाही. आपल्यापासून कोणती पाने कोणी झाकून धरली होती, हे कळण्याचे वय उशिरा येते. तेवढ्यासाठी तरी बालपणीचे पुस्तक जपून ठेवावे आणि एकदा सावकाश, एकही पान न गाळता वाचावे.