दरोड्यानंतरचा अंक

भोकरजवळच्या उमरी येथे 30 जानेवारी 1948 रोजी स्वातंत्र्यसैनिकांनी बँक लुटली. निजामी राजवटीच्या लेखी तो दरोडा होता. सप्टेंबरात हैदराबाद शरण आले आणि तोच मुक्तिगाथेतला पराक्रम ठरला. मराठी लेखन बहुधा या पराक्रमापाशीच थांबते. बंदूक खाली ठेवून कचेरीच्या ओसरीवर ताटकळणारा सैनिक आपल्या नाटककारांना फारसा खुणावलेला दिसत नाही. ‘पानसिंग तोमर’ (2012) या हिंदी चित्रपटात निवृत्त सुभेदार, एकेकाळचा राष्ट्रीय धावपटू, जमिनीच्या तंट्यातून बागी होतो. चंबळमधल्या चकमकी (त्या जरा लांबल्याच आहेत) विसरता येतात. ठाण्यात त्याची पदके भिरकावली जातात, तो प्रसंग विसरता येत नाही. उमरीच्या कथेला असे ठाणे अजून लाभलेले नाही.