मोजलेले आणि मानलेले

पहिला ड्रोन कोणता घ्यावा, ही विचारणा घेऊन माझ्याकडे येणाऱ्यांची वर्दळ हल्ली बरीच वाढली आहे. त्यांत लग्नसमारंभाचे चित्रीकरण करून चरितार्थ चालविणारे घोटीचे तरुण असतात, भावली धरणाच्या बाजूस पर्यटकांच्या निवासाची सोय करणारे असतात, आणि मुलाने दहावीला नाव काढले म्हणून त्याचा हट्ट पुरविण्यास सिद्ध झालेले, परंतु मनातून थोडे धास्तावलेले आईबापही असतात. किंमत विचारून होते, कॅमेऱ्याची चौकशी होते, चहा होतो, आणि उठता उठता बहुतेकांच्या तोंडून जो प्रश्न निघतो तो एकच असतो : "भाऊसाहेब, हा आपोआप परत येतो ना?"

येतो, असे मी सांगतो, आणि त्यांना पुन्हा बसवून घेतो; कारण त्या आपोआप परतण्याच्या पोटात जितकी मोजमापे असतात तितकीच गृहीते असतात, आणि जेथे दख्खनचे पठार संपून पायांखालची जमीन एकाएकी कोकणच्या बाजूस कोसळते अशा इगतपुरीसारख्या मुलखात त्या गृहीतांची किंमत सपाट प्रदेशाहून फार निराळी असते.

माझे आयुष्य जमीन मोजण्यात गेले. उमेदवारीच्या काळात ज्या वडीलधाऱ्या मोजणीदारांच्या हाताखाली मी शिकलो, त्यांच्या बोलण्यात अद्याप 33 फुटांची, 16 आण्यांची साखळी होती. त्या एका साखळीचा चौरस म्हणजे गुंठा आणि 40 गुंठ्यांचा एकर, हा हिशेब त्यांच्या जिभेवर असे. ही साखळी वापराने कड्यांच्या सांध्यांत झिजते आणि झिजता झिजता लांब होते. लांबलेल्या साखळीने मोजलेली जमीन कागदावर कमी भरते, आणि मोजणाऱ्यास, त्याने एकही आकडा खोटा लिहिलेला नसताना, त्याचा पत्ताही लागत नाही. यास्तव काम सुरू करण्यापूर्वी साखळी प्रमाण लांबीशी ताडून पाहण्याचा शिरस्ता होता. साखळी किती वेळा पडली हे मोजलेले असते. ती 33 फुटांचीच आहे हे मानलेले असते. हातात येणाऱ्या प्रत्येक यंत्राविषयी ह्या दोन गोष्टी वेगळ्या काढून पाहण्याची जी सवय मला तेव्हा लागली, तिच्याच आधारे मी आज ड्रोनकडे पाहतो, आणि शिकायला येणाऱ्यांनीही त्याच दृष्टीने पाहावे असे मला मनापासून वाटते.

उंचीचेच उदाहरण घ्या. पडद्यावर दिसणारा उंचीचा आकडा बहुतेक ड्रोन हवेच्या दाबावरून काढतात. वर जावे तसा दाब घटतो, आठ-नऊ मीटरांमागे साधारण एक हेक्टोपास्कल, आणि ही घट टिपण्याइतके यंत्रातील दाबमापक सूक्ष्म असते. येथवरचे काम मोजण्याचे, आणि ते बहुधा चोख असते. परंतु हा आकडा शून्यापासून सुरू होतो तो ज्या जागेवरून उड्डाण केले त्या जागी. घाटनदेवीच्या बाजूला, दरीच्या काठावरील कातळावर उभे राहून एखाद्याने ड्रोन पन्नास मीटर वर चढविला आणि मग समोरच्या पोकळीत नेला, तर पडद्यावरचा आकडा पन्नासच राहतो, आणि खाली मात्र जमीन कित्येकशे फूट दूर गेलेली असते. 2021च्या ड्रोन नियमांप्रमाणे हिरव्या, म्हणजे पूर्वपरवानगी न लागणाऱ्या, क्षेत्रातही 120 मीटर, म्हणजे 400 फुटांपर्यंतचीच मुभा आहे, आणि ती जमिनीपासून मोजावयाची असते, आपल्या पायांपासून नव्हे. पडद्यावर पन्नास वाचणारा उडवणारा, मनात कसलीही लबाडी नसताना, नियमाची हद्द ओलांडून बसलेला असतो. ह्याच्या उलट, दरीच्या तळातून उड्डाण करून डोंगराच्या अंगाने वर नेलेला ड्रोन पडद्यावर शंभर मीटर दाखवितो आणि प्रत्यक्षात पुढच्या झाडाच्या शेंड्यापासून पाच मीटरवर असतो.

परतीचा प्रश्न ह्याच उंचीशी बांधलेला आहे. रिटर्न टू होमचा हुकूम सुटला, मग तो आपण दिलेला असो, सिग्नल तुटल्यामुळे सुटलेला असो वा बॅटरी उतरल्यामुळे, म्हणजे ड्रोन सामान्यतः आधी ठरवून दिलेल्या उंचीवर चढतो, सरळ रेषेत होम पॉइंटच्या माथ्यावर येतो आणि खाली उतरतो. ही ठरवून दिलेली उंची कारखान्यातून येते ती कोणत्या तरी सर्वसाधारण मैदानासाठी येते. आपल्यामागे उभ्या असलेल्या कड्याची तिला वार्ता नसते. मध्ये सुळका असेल, वाटेत विजेचा मनोरा असेल, तर त्याहून अधिक उंची प्रत्येक वेळी, प्रत्येक जागी, स्वतःच्या हाताने भरली पाहिजे. पुढचा अडथळा ओळखणारे सेन्सर असतात हे खरे. परंतु स्वस्त ड्रोनमध्ये ते पुष्कळदा खालच्या बाजूसच असतात, आणि महागांतही ते चित्रातील उजेड-अंधाराच्या फरकावरून अडथळा ताडतात. त्यांना भिंत दिसते. पानगळीनंतरची बारीक फांदी, संधिप्रकाश, संथ पाणी आणि ताणलेली तार ह्यांच्यापुढे त्यांची दृष्टी मंदावते. घाटात लोहमार्गावर 25,000 व्होल्टची तार आहे. तिच्या जवळपास ड्रोन नेण्याचा विचारही करू नये, मग पेटीवर काहीही छापलेले असो.

होम पॉइंटविषयी थोडे अधिक सांगितले पाहिजे, कारण नवशिक्यांचे ड्रोन आमच्या भागात नाहीसे होतात त्याची वाट पुष्कळदा येथूनच जाते. घर म्हणजे यंत्राच्या लेखी अक्षांश-रेखांशांची एक जोडी. उपग्रह पुरेसे दिसू लागले, की ती जोडी नोंदली जाते. कड्याच्या पोटाशी किंवा गर्द झाडीखाली अर्धे आकाश झाकलेले असते. तेथे घाईने उड्डाण केले, की पुष्कळ यंत्रे नोंदीशिवायच वर जातात, आणि मोकळ्यावर पोहोचून उपग्रहांची गाठ पडली म्हणजे, जेथे पडली ती जागा घर म्हणून लिहून घेतात. ती जागा दरीच्या पोकळीवर असू शकते. मग बॅटरी उतरल्यावर तो इमानी ड्रोन दिलेल्या हुकुमाबरहुकूम त्या पोकळीवर येतो आणि शांतपणे खाली उतरू लागतो. यंत्राकडून कसूर झालेली नसते. त्याने जे मोजले ते बरोबर मोजले, जे मानले ते कोणी तपासले नाही. म्हणून माझा परिपाठ असा, की उघड्या माळावर जमिनीवरच थांबून पडद्यावरच्या नकाशात घराची खूण आपण उभे आहोत तेथेच पडली आहे हे डोळ्यांनी पाहावे, आणि मगच पाती फिरवावीत. होकायंत्राचेही तसेच. आपला काळा कातळ लोहयुक्त खनिजांचा आहे, मोटारीचा टप लोखंडाचा आहे, सिमेंटच्या गच्चीत सळया आहेत. ह्यांवरून उड्डाण करताना ड्रोनचे उत्तर दिशेचे भान बिघडू शकते, यास्तव लाकडी फळी किंवा गवताची जागा बरी.

आता मूळ प्रश्नाकडे. माझे मत असे, की पहिला ड्रोन लहान, हलका आणि आधाराला फारसे काही नसलेला असावा. 2018 साली बाजारात आलेला टेलो नावाचा ड्रोन जेमतेम 80 ग्रॅमचा होता; तेरा मिनिटे उडे, उपग्रहांशी त्याचा संबंध नव्हता, पोटाखालच्या कॅमेऱ्याने फरशीच्या खुणा पाहून तो जागा धरून राही. ह्या जातीचा कोणताही ड्रोन मुलाला नक्षीदार सतरंजीवर उडवू द्यावा आणि नंतर एकरंगी गुळगुळीत फरशीवर. सतरंजीवर खिळल्यासारखा स्थिर असलेला तोच ड्रोन फरशीवर सरकू लागतो. खोलीतील दिवे मालवले तर अधिकच सरकतो. ते पाहिलेल्या मुलाला, यंत्र कशाच्या आधाराने उभे होते हे व्याख्यानाशिवाय कळते, आणि त्या सरकण्यास स्टिकने आवर घालता घालता त्याचा हात तयार होतो. पात्यांना जाळीचे कडे असावे, जादा पाती आणि जादा बॅटरी बरोबर घ्यावी. फुगलेली बॅटरी पुन्हा वापरू नये. कॅमेरा कसा आहे ह्याचा विचार ह्या टप्प्यावर करूच नये, असे मी स्पष्ट सांगतो.

ह्या निवडीला आमच्या हवामानाचाही पाठिंबा आहे. दहावीचा निकाल आणि मृग हे मागेपुढेच येतात, आणि येथे पाऊस एकदा लागला, की वर्षाची बेरीज 3,000 मिलिमीटरांच्या पुढे गेल्याशिवाय तो उसंत देत नाही. चार महिने बाहेर उडवण्याची सोयच नसते. दहा पावलांवरचे माणूस धुक्यात दिसत नाही. हे चार महिने ओटीवर आणि शाळेच्या सभागृहात लहान ड्रोनने घालवावेत, आणि दिवाळीनंतर आकाश धुतल्यासारखे झाले म्हणजे उपग्रहांचा आधार असलेल्या दुसऱ्या ड्रोनचा विचार करावा. 250 ग्रॅमपर्यंतचा, म्हणजे नियमांच्या भाषेत नॅनो वर्गातला असेल, तर तो उडवण्यास वैमानिकाचे प्रमाणपत्र लागत नाही. दोन किलोपर्यंतच्या मायक्रो वर्गातही व्यावसायिक हेतू नसेल तर लागत नाही. मात्र पैसे घेऊन लग्न चित्रित करावयाचे आणि ड्रोन 250 ग्रॅमच्या वर, तेथे ही सूट संपते, हे घोटीच्या तरुणांना मी आवर्जून सांगतो. परदेशी बनावटीचे तयार ड्रोन आयात करण्यास 9 फेब्रुवारी 2022पासून मनाई आहे, संशोधन, संरक्षण आणि सुरक्षा ह्यांपुरता अपवाद वगळून. तेव्हा दुकानदार जे पुढे करील त्याची कागदपत्रे मागून घ्यावीत. देशी यंत्रांत कर्तृत्व नाही असे नव्हे. 2009च्या 'थ्री इडियट्स' चित्रपटात दिसलेले ते उडते यंत्र मुंबईच्या आयआयटीत शिकलेल्या तरुणांच्या आयडियाफोर्जने बनविलेले होते. परंतु ह्या कंपनीची यंत्रे मुख्यतः सैन्य, पोलीस आणि सर्वेक्षण ह्यांच्या कामाची, मुलाच्या हाती देण्याची नव्हेत. कोठे उडवावे ह्यासाठी डिजिटल स्काय ह्या सरकारी संकेतस्थळाचा नकाशा आहे, तो पाहावा; त्यावर हिरवे दिसले तरी स्थानिक मनाई हुकूम लागू आहे का हे पोलीस ठाण्यात विचारावे. देवळालीच्या तोफखान्याची हद्द आपल्याच जिल्ह्यात आहे. आणि 1976पासून जेथे माणसे दहा-दहा दिवस मौन धरून बसतात त्या धम्मगिरीवर पात्यांचा आवाज नेऊ नये, ह्याला नकाशाची गरज नाही.

यंत्रावरील विश्वासाविषयी मी इतके बोलतो त्यावरून, मी त्याच्या विरुद्ध आहे असा कोणाचा ग्रह होऊ नये. गावठाणांची मोजणी ड्रोनने होऊ लागली तेव्हा मला झालेला आनंद मी विसरलेलो नाही. केंद्राची स्वामित्व योजना 24 एप्रिल 2020 रोजी जाहीर झाली. महाराष्ट्रात त्याआधीच भारतीय सर्वेक्षण विभागाच्या साहाय्याने पुरंदर तालुक्यातील सोनोरी येथे पहिला प्रयोग झालेला होता. पिढ्यान्पिढ्या ज्या घरांना नकाशा नव्हता, त्यांना मिळकत पत्रिका आणि सनद मिळू लागली. परंतु ह्या कामाची रीत पाहण्यासारखी आहे. ड्रोन उडण्यापूर्वी ग्रामस्थांना समक्ष उभे करून प्रत्येक मिळकतीच्या हद्दीवर चुन्याची फक्की मारली जाते; माणसांनी आपसांत कबूल केलेली ती पांढरी रेघच वरून टिपली जाते. आमच्या घाटमाथ्यावर भिंती भिजू नयेत म्हणून वळचणी पुष्कळ पुढे काढलेल्या असतात, आणि वरून घेतलेल्या छायाचित्रात वळचणीची कड दिसते, भिंत दिसत नाही. समोरासमोरच्या दोन घरांच्या वळचणी एकमेकींजवळ आल्या, की मधला बोळ छायाचित्रात जवळजवळ नाहीसा होतो. त्या बोळातून जाणारे सांडपाणी, तेथे ठेवलेला जिना, त्यावरून झालेले तंटे, ह्यांचा निवाडा करण्यास मोजणीदाराला टेप घेऊन त्या बोळात उतरावेच लागते. ड्रोनने दिवसांचे काम तासांवर आणले, आणि उरलेले काम कोठे आहे ते नेमके दाखवून दिले. ह्याहून अधिक त्याच्याकडून मागणे मला गैरवाजवी वाटते.

आमच्या गावाला ह्या विषयातला एक जुना धडा लोहमार्गाने शिकविला आहे. 1865 साली थळघाटाची चढण खुली झाली. 37 फुटांमागे एक फूट इतका तिचा उतार. उतरणाऱ्या गाडीचा ब्रेक सुटला तर तिला आवरण्यासाठी बाजूला चढावर नेऊन संपणारे रूळ घातलेले असतात, आणि सांधा मुळात त्या बंद रुळांकडेच लावलेला असतो. गाडीने वाटेत थांबून आपण ताब्यात आहोत हे दाखविले, की मगच तिला पुढची वाट मोकळी होते. ड्रोनच्या बाबतीत मी हीच व्यवस्था लावतो. मोकळ्या माळावर, पंधरा-वीस मीटरांवरून, त्यास परतीचा हुकूम द्यावयाचा. तो वळतो का, ठरल्या उंचीवर चढतो का, हे पाहावयाचे. आणि अर्ध्या वाटेवर हुकूम रद्द करून तो स्टिकने स्वतः उतरवावयाचा. एवढे झाल्यावरच दरीच्या काठाकडे जावयाचे.

ही कसोटी उतरली, की मी यंत्रावर निःशंकपणे विसंबतो. दुपार कलल्यावर कोकणातून चढून आलेला वारा कड्याच्या ओठावर उसळतो आणि पलीकडच्या बाजूस भोवरे करीत खाली दबतो. त्या वाऱ्यात एका सेकंदात शेकडो वेळा स्वतःचा तोल सावरणारे यंत्र जी स्थिरता राखते, ती कोणत्याही माणसाच्या हाताला साधणारी नाही. बॅटरीच्या आकड्यावर मात्र मी निम्माच भरवसा ठेवतो, कारण परतीला लागणारा वेळ काढताना वारा आहे तसाच राहील हे यंत्राने मानलेले असते, आणि आमच्याकडे जाताना पाठीशी असलेला वारा येताना तोंडावर येतो. म्हणून निम्म्याच्या बऱ्याच आधी माघारी वळावे, आणि जाताना वाऱ्याच्या विरुद्ध जावे, म्हणजे येताना तो ढकलीत आणतो.

राहता राहिला सिग्नल तुटल्यावर काय करावे हा प्रश्न. परत फिरावे, जागीच थांबावे की तेथेच उतरावे, ह्यांतून एक निवड आधीच करून ठेवता येते. उघड्या पठारावर मी परतीची निवड करावयास सांगतो. भावलीच्या वरच्या बाजूस, जेथे कडा डोक्यावर झुकलेला असतो आणि वर चढणारा ड्रोन त्याच्या पोटावर आदळण्याचा संभव असतो, तेथे जागीच थांबण्याची निवड करावयास सांगतो. आणि संपर्क तुटलाच तर अंगठे स्टिकवर तसेच ठेवून, ड्रोनवरची नजर न काढता, बरोबरच्या माणसाने धरलेल्या हाताच्या आधाराने, रिमोटला तो समोर दिसेल अशा मोकळ्या जागेकडे आपणच चालत जावे.