बर्फाखालची घागर

कांहीं वस्तु घरांत शिरतांना आपल्याबरोबर एखादें गृहीतक घेऊन येतात. नळाला जोडलें कीं आपोआप बर्फ करीत राहणारें यंत्र हें त्यांपैकींच होय. नळ केव्हांही सोडला तरी पाणी येणारच, असें तें धरून चालतें. आष्टी तालुक्यांतील आमच्या कड्यासारख्या गांवीं उन्हाळ्यांत हें गृहीतक किती धाडसाचें आहे, हें बीड जिल्ह्यांतील माणसास सांगावयास नको.

पुण्यास नोकरी करणाऱ्या आमच्या चिरंजीवांनीं गेल्या वर्षीं वैशाखांत असें एक यंत्र आणून मोटारीच्या गॅरेजमध्यें बसविलें. गच्चीवरील टांकी यंत्राहून जेमतेम १० फूट उंच. तिचा दाब पुरेना, म्हणून नळवाल्यानें मध्यें छोटा पंप घातला. बोअरचें पाणी जड, म्हणून त्यापुढें गाळणी आली. शेवटीं सांडपाण्याची नळी गटाराकडे वळवावयाची, तोंच मातोश्रींनीं विचारलें, "अरे, ह्यांतून पाणीही सांडतें कीं काय?"

प्रश्न साधा, पण तो १९७२ च्या दुष्काळांतून आलेला होता. उत्तर होकारार्थीच द्यावें लागलें. ह्या यंत्रांत थंड पत्र्यावरून पाणी खेळत असतें; शुद्ध पाणी आधीं गोठतें, क्षार मागें राहतात, आणि तें उरलेलें पाणी बाहेर टाकलें जातें. बर्फ कांचेसारखा दिसतो तो त्यामुळेंच. उष्णतेचेंही तसेंच. शून्य अंशावरील एक किलो पाण्याचा बर्फ करावयाचा तर त्यांतून ८० किलोकॅलरी उष्णता काढावी लागते. ती नाहींशी होत नाहीं. गॅरेजच्या हवेंत येऊन पडते. आपल्या दारांतलें ऊन उचलून शेजारच्या दारांत टाकावें, तसाच हा प्रकार! स्वयंपाकघरांतला माठही बाष्पीभवनाच्याच बळावर पाणी गार करतो. पण तो कोणाला उकडवीत नाहीं.

बर्फाची हौस मात्र आजची नव्हे. १८३३ सालीं अमेरिकेंतील बोस्टनहून गोठलेल्या तळ्यांतला बर्फ गलबतांत भरून निघाला आणि चार महिन्यांनीं कलकत्त्यास पोंचला. निघतांना तो सुमारें १८० टन होता, पोंचतांना सुमारें १०० टन उरला. पुढल्याच वर्षीं मुंबईसही बर्फ आला, आणि जमशेटजी जिजीभाई यांच्या मेजवानींत त्याचें कौतुक झालें. वाटेंत वितळलेल्या बर्फाबद्दल व्यापाऱ्यास हळहळ वाटली असेल ती पैशाची, पाण्याची नव्हे. आमच्याकडे हिशेब नेमका उलटा.

मातोश्रींनीं यंत्रास परवानगी दिली, पण दोन अटींवर. नळी गटारांत न जातां घागरींत पडावी. तें पाणी पिण्यास नको, पण भांडीं घासावयास व अंगणांत शिंपडावयास चालतें. आणि गांवांत टँकर सुरू झाला कीं यंत्र बंद. शेजारीण रस्त्यावर हंडा घेऊन उभी असतां आपण ओसरीवर बसून सरबतांत बर्फाचे खडे वाजवावे, हा त्यांच्या मतें अधर्म! चिरंजीवांना दुसरी अट भाबडी वाटली. पाण्याचा वापर तो असा कितीसा, असें त्यांनीं आंकडे मांडून पटविण्याचा प्रयत्न केला. मातोश्रींनीं आंकडे ऐकून घेतले, आणि अट तशीच ठेवली.

यंदा टँकर सुरू झाला तेव्हां चिरंजीव रजेवर घरींच होते. ऊन मी म्हणत होतें. दुपारीं गॅरेजमध्यें जाऊन पाहतों, तों पंपाची कळ बंद केलेली, आणि घागर उपडी घातलेली. कोणीं, तें विचारण्याची गरज नव्हती. मातोश्रींचा हात त्या कळेपर्यंत पोंचत नाहीं.