टॅक्सचा राग कुणावर काढायचा?

2025 च्या सुरुवातीला टोकियोच्या कासुमिगासेकी भागात, जिथे जपानची मंत्रालये आहेत, शेकडो लोक वित्त मंत्रालयासमोर जमून ‘हे मंत्रालय मोडून टाका’ अशा घोषणा देत होते. आपल्या काही तरुण मित्रांनी मला त्याचे व्हिडिओ पाठवले. सोबत मजकूर: जनता जागी झाली की असे होते! व्हिडिओ मलाही आवडले. पण एक जुनी गोष्ट टोचत राहिली. मी शिष्यवृत्तीवर शिकत असताना वर्गातला एक मुलगा मला ऐकवायचा, ‘तुम्ही आमच्या बापाच्या टॅक्सवर शिकता.’ माझी आई साबण-काडेपेटी घेताना जो कर भरत होती, तो त्याच्या हिशेबात नव्हताच. तेव्हापासून कुणी ‘टॅक्सपेअर’ म्हटले की मी आधी विचारतो, कोणता?

जपानी माणसाचा राग खोटा नाही. 1989 साली तिथे 3 टक्के उपभोग कर आला. 1997 ला तो 5 झाला, 2014 ला 8, 2019 ला 10. खाद्यपदार्थांवर 8 ठेवला, पण दुकानातले तेच खाणे घरी नेले तर 8 आणि तिथेच बसून खाल्ले तर 10! याच तीस वर्षांत कंपन्यांच्या नफ्यावरच्या केंद्रीय कराचा मूळ दर 40 टक्क्यांवरून 23.2 वर उतरला. हे दोन आकडे शेजारी ठेवून वाचा.

1927 साली मुंबई कायदेमंडळात अर्थसंकल्पावर बोलताना बाबासाहेबांनी शेतसाऱ्यावर असाच आक्षेप घेतला होता. आयकर ठराविक उत्पन्नाच्या वर बसतो, सारा मात्र तुकडाभर जमिनीवर पोट भरणाऱ्यालाही चुकत नाही. उपभोग कर त्याच जातीचा आहे. ज्याची सगळी कमाई पोटापाण्यातच संपते, त्याच्या सगळ्या कमाईवर तो बसतो.

त्यात आरोग्य विमा, पेन्शन आणि चाळिशीनंतर वृद्धसेवेचा हप्ता पगारातून परस्पर कापला जातो. कर आणि हे हप्ते मिळून राष्ट्रीय उत्पन्नाच्या 47.5 टक्के होतात, असा सरकारी अंदाज 2023 च्या फेब्रुवारीत आला, तेव्हा लोकांनी एदो काळातला शब्द उकरून काढला: ‘गोको-गोमिन’. पाच हिस्से सरकारचे, पाच रयतेचे. (एकेकाच्या पगारातून निम्मी रक्कम जाते असा त्याचा अर्थ नाही, पण शब्द वर्मी लागला.) महागाईमुळे 2022 पासून सलग तीन वर्षे खरे वेतन घसरले. पंतप्रधान किशिदांना तर ‘करवाढीचा चष्मा’ असे टोपणनावच पडले.

ठिणगी मात्र आकड्यांनी पडली नाही. 2023 च्या अखेरीस सत्ताधारी पक्षाच्या गटांनी निधी-मेजवान्यांच्या तिकिटांतला पैसा हिशेबात न दाखवता खासदारांना परत दिल्याचे बाहेर आले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात नवी इन्व्हॉइस पद्धत लागू करून छोट्या कारागिरांना आणि कलाकारांना उपभोग कराच्या जाळ्यात ओढले होते. तिच्याविरुद्ध पाच लाखांहून अधिक सह्या झाल्या होत्या. रयतेने पै-पैची पावती द्यायची आणि राजाने वही लपवायची!

खर्चाचे काय? केंद्राच्या अर्थसंकल्पाचा सुमारे तिसरा हिस्सा सामाजिक सुरक्षेवर जातो, कारण 29 टक्के लोक पासष्टीच्या पुढचे आहेत. तो खर्च मी उधळपट्टी मानत नाही. म्हातारी माणसे ही उधळपट्टी नसतात. पाच वर्षांत संरक्षणावर 43 लाख कोटी येन खर्चायचे, हा 2022 चा निर्णय मात्र तपासायला हवा.

आता मला टोचणारी गोष्ट. 2025 च्या जुलैत वरिष्ठ सभागृहाची निवडणूक झाली. उपभोग कर कमी करा, असे जवळपास सगळे विरोधी पक्ष म्हणत होते. त्यांच्यातल्याच सान्सेइतो पक्षाने ‘जपानी आधी’ ही घोषणा देऊन 14 जागा जिंकल्या. कराचा राग परदेशी माणसाकडे वळवला गेला: आमच्या पैशावर हे जगतात.

हा सूर जपानला नवा नाही. तिथल्या बुराकू समाजाची ओळख आपल्या वाचकांना आहे. त्यांच्या वस्त्यांतली घरे, रस्ते, गटारे, शिष्यवृत्त्या यांसाठी 1969 साली विशेष कायदा झाला, अशा कायद्यांचे काम 2002 पर्यंत चालले. शतकानुशतके ज्या वस्त्यांकडे कुणी पाहिले नव्हते, तिथे सरकारी पैसा पोहोचताच शेजारचे लोक म्हणू लागले, हा आमच्यावर उलटा भेदभाव आहे. माझ्या वर्गातला मुलगा जपानी बोलू लागला असता तर हेच बोलला असता.

म्हणून मित्रांनो, व्हिडिओ पुढे पाठवण्याआधी माइकवरचा माणूस काय मागतो ते ऐका. कंपन्यांचा कर आणि लपवलेली वही मागतो, की शेजाऱ्याचा हक्क? टोकियोतल्या दुकानांत गल्ल्यावर व्हिएतनाम-नेपाळची कितीतरी मुले उभी असतात. गिऱ्हाइकाकडून 8 की 10 टक्के घ्यायचे ते हीच मुले ठरवतात, स्वतःच्या जेवणावर तोच कर भरतात, हप्तेही भरतात. त्या जुलैत मत द्यायचा अधिकार त्यांच्यापैकी कुणालाही नव्हता.