आधी गटाराचे तोंड

पावसाळ्याच्या तोंडावर आपल्या मांद्रे-आश्वेच्या किनाऱ्यावर काळे, चिकट डांबरगोळे येऊन पडतात. जहाजांच्या टाक्या धुतलेले तेलकट पाणी किंवा अपघातात सांडलेले इंधन लाटांत घुसळून घट्ट होते आणि नैऋत्येचा वारा ते किनाऱ्याला आणून टाकतो. ३० मे २००६ रोजी कारवारजवळ 'ओशन सेराया' हे मालवाहू जहाज खडकावर गेले, तेव्हा त्यातले तेल काणकोणच्या किनाऱ्यापर्यंत पोहोचले होते. गोळा पायाला चिकटला तर रॉकेल, पेट्रोल चोळू नये. खोबरेल तेलाने तो सुटतो.

जहाजांपुढे आपले काय चालणार, असे मुले विचारतात. पण आपल्या पालकांपैकी कोणी तुयेच्या औद्योगिक वसाहतीत आहेत, कोणी किनाऱ्यावरच्या हॉटेलांत जनरेटर सांभाळतात, कोणाची होडी आहे. तेल तिथेही सांडते.

मागे आम्ही नववीच्या मुलांना घेऊन अशाच एका ठिकाणी यंत्रे पाहायला गेलो होतो. डिझेल भरताना कॅन कलंडला. मदतनीस मुलाने चटकन पाण्याची नळी उचलली. घाण झाली की पाणी मारायचे, ही आपल्या सर्वांचीच सवय! तोच वयस्क मेकॅनिक ओरडले, "अरे, नळी ठेव! ते सगळे व्हाळात जाईल." त्यांनी कॅन उभा केला, आम्हा सर्वांना बाहेर काढले, हातमोजे चढवले. आम्हाला वाटले, आता तेलावर वाळू टाकतील. त्यांनी पहिले घमेले ओतले ते गटाराच्या तोंडाशी! मग तेलाभोवती वाळूचा बांध घातला आणि शेवटी तेलावर वाळू पसरली. तेल शोषले गेल्यावर ती झाडूने गोळा करून झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात भरली. अशी वाळू पुरायची नाही, जाळायचीही नाही. वापरलेले तेल नेणाऱ्या परवानाधारकाकडे द्यायची. साबणाचे पाणी घालणेही व्यर्थ, कारण त्याने तेल नाहीसे होत नाही, बारीक होऊन पाण्याबरोबर जाते. आपला व्हाळ समुद्राला मिळतो, आणि मोरजी-मांद्रेच्या वाळूत सागरी कासवे अंडी घालायला येतात.

पेट्रोलची गोष्ट मात्र निराळी. त्याची वाफ हवेपेक्षा जड, जमिनीलगत सरकत दूरवर जाते आणि कुठल्याही ठिणगीने पेटते. तिथे धाडस नको. दिव्याचे बटणसुद्धा लावू वा बंद करू नये. सर्वांनी बाहेर पडावे आणि दूर जाऊन अग्निशामक दलाला कळवावे. मुलांनी तर डिझेललाही हात लावायचा नाही, मोठ्या माणसाला हाक मारायची.

त्या भेटीनंतर व्यवस्थापन मंडळाने शाळेच्या जनरेटरजवळ कोरड्या वाळूच्या दोन बादल्या आणि झाकणाचा डबा ठेवून दिला. बादल्यांत चॉकलेटचे कागद सापडतात. ते आम्ही दर शनिवारी वेचून काढतो.